देवघरात राहिलेला डबा

रस्त्यात गाडी अडली तर कोणापुढे हात पसरायचा नाही, हा माझा हट्ट. मोटारसायकलच्या पेटीत एक पत्र्याचा डबा कायम असायचा. पंक्चरचं सामान, हातपंप, पाने, क्लच वायर, टॉर्च, मलमपट्टी, सगळं त्यात. आमच्या रोहणा गावात मला 'चालतं गॅरेज' म्हणत. म्हणोत बापडे! देवाचं नाव मीही घ्यायचो, पण खरा भरवसा त्या डब्यावर.

मोतीबिंदूमुळे मायला माणसं सावलीसारखी दिसू लागली होती. वर्ध्याच्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली ती नेमकी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची. सकाळी वेळेत पोचलो नाही तर नंबर जाणार आणि पुढचा थेट उन्हाळ्यात लागणार. दसऱ्याला घरात अवजारांची पूजा असते. मायने विळा-कुदळीशेजारी माझा डबाही मांडायला लावला. चाचपडत त्यावर हळदकुंकू वाहिलं, आपट्याचं पान ठेवलं. "आज देवापाशी राहू दे त्याले," म्हणाली.

आणि डबा तिथंच राहिला. सकाळी मायला मागे बसवून घाईत निघालो, अर्ध्या वाटेवर मागचं चाक बसलं. पेटी उघडली तर आत झेंडूच्या चार पाकळ्या! आजूबाजूला नुसती कपाशी, रस्त्यावर चिटपाखरू नाही. गावातल्या मित्राला फोन लावला, तो उचलेना.

"काऊन थांबलो, बाबू?" मायने विचारलं.

"पंक्चर झाली. अन् डबा देवघरातच राह्यला, माय."

वाटलं, आता ती रडेल. ती शेताच्या बांधावर, धुऱ्यावर टेकली आणि हात जोडले. "देवापाशीच हाय ना? मंग तोच पाहीन." मला देवाचाही राग आला आणि तिचाही. आता काय देव पंप घेऊन येणार आहे, असं मनात म्हटलं.

आला की हो! वांग्या-मेथीच्या पाट्या बांधलेली मोटारसायकल न बोलावता थांबली. उतरलेल्या माणसाने पिशवी काढली, तिच्यावर ताजं हळदकुंकू. त्याने चाकात घुसलेला खिळा उपटला, भोकात रबराची पट्टी कोंबली, पंपाने हवा भरू लागला. "पूजेनंतरचं पयलं काम परक्याचं करा लागते आमच्या घरी," तो म्हणाला. "निंगालो तवापासून पाहून राह्यलो होतो, कोनी अडलं हाय का." मी नाव विचारलं, तर हसला. "नाव काऊन पायजे, भाऊ? हवा पाहा पयले."

मी वाकून चाक दाबून पाहिलं, तोवर त्याची गाडी पुढच्या वळणावर गेली होती. आमचा नंबर पुकारत असतानाच आम्ही दवाखान्यात शिरलो. ऑपरेशन होऊन डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा माय माझ्याकडे बघतच राहिली. "केस पिकले रे बाबू तुहे!" मी तिथंच हमसून रडलो.

सामान आजही सगळं नेतो. तयारी सोडावी असं मला कधी वाटलं नाही. फक्त तो डबा आता माझा एकट्याचा वाटत नाही. हातातून सुटलेली गोष्टही कोणाच्या तरी हाती असते, एवढा विश्वास त्या दिवसाने दिला. यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मायने स्वतः देवघरातून डबा उचलून माझ्या हातात दिला आणि मी त्याच रस्त्याने निघालो. एक बाई स्कूटी ढकलत चालली होती, बसलेल्या चाकाकडे बघत रडकुंडीला आलेली. काम झाल्यावर तिने माझं नाव विचारलं.

"हवा पाहा पयले, ताई," मी म्हणालो.