आपल्या माणसाचा कॅम्प

दिल्लीत मराठी माणसाला सरकारी क्वार्टर मिळालं की अर्धा महाराष्ट्र त्याचा पत्ता खिशात घेऊन फिरतो, हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. लक्ष्मीबाई नगरात आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या अहिल्या टिपणीस यांनी ते आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त भोगलं. लग्न केलेलं नाही, मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, दोन खोल्यांचं घर आणि नाही म्हणायची सवय नाही. लोकांना आणखी काय हवं? यूपीएससीच्या मुलाखतीला आलेला लातूरचा मुलगा, मोठ्या हॉस्पिटलात नंबर लावायला आलेले कुणाचे तरी व्याही, सव्वीस जानेवारीची परेड बघायला आलेलं अख्खं बिऱ्हाड, सगळ्यांच्या गाद्या त्यांच्याच बाहेरच्या खोलीत पडायच्या. आलेल्यांतल्या कुणालातरी पानिपत बघायचंच असायचं. मग रविवारी पुऱ्या-भाजीचा डबा भरून अहिल्याताई त्यांना काला अंबला, लढाईच्या स्मारकापाशी, घेऊन जायच्या. पाहुणे तिथं डोळे पुसायचे आणि अहिल्याताई सावलीला बसून परतीच्या बसची वेळ बघायच्या. इतक्या वेळा तिथं गेल्यावर त्यांना भाऊसाहेबांपेक्षा बसचीच काळजी जास्त वाटायची, असं मी त्यांना चिडवत असे.

त्या स्वतः मात्र कधी कुठे गेल्या नाहीत. एलटीसी, म्हणजे सरकारी प्रवाससवलत, मिळाली की ती पेणला, आईकडे. आई गेल्यावर ठाण्याला, भावाकडे. भावाचा मुलगा यशोधन कॉलेजसाठी दिल्लीत आला तो यांच्याकडेच वाढला, कॉम्प्युटर कंपनीत लागला, त्याचं लग्न झालं आणि त्यानं गुडगावला फ्लॅट घेतला. मोहरीच्या शेतांत तेव्हा नुकते उंच उंच टॉवर उभे राहत होते, खाली रस्ता नाही आणि वर लिफ्ट. अहिल्याताई जूनमध्ये रिटायर होणार, क्वार्टर सोडावं लागणार, तेव्हा त्यांनी त्याच फ्लॅटमध्ये राहायचं हे ठरलेलंच होतं. कुणी ठरवलं ते विचारू नका. फ्लॅटमध्ये ‘आत्याची खोली’ म्हणून दाखवत ती बाळाच्या पाळण्याची खोली होती.

त्या वर्षीच्या जानेवारीत त्या माझ्याकडे वर आल्या, दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या की मला रणथंबोरला जायचंय, एकटीला. मुंबईला जाताना सवाई माधोपूर स्टेशन लागतं. आयुष्यभर त्या खिडकीतून ते स्टेशन बघत आल्या होत्या आणि दर वेळी त्यांना तिथंच उतरावंसं वाटलं होतं. मला हसूच आलं. साठीला टेकलेल्या बाईला वाघ बघायची हौस कुठून आली, असं मी विचारलं.

"वाघ दिसला तर बघीन," त्या म्हणाल्या. "पण वहिनी, मला तीन दिवस अशा जागी राहायचंय जिथं मला कुणी ओळखत नाही. सकाळी उठावं आणि कुणालाच काही नको असावं. एकदा गुडगावला गेले की मग संपलंच."

माझं हसू तिथंच थांबलं. या बाईनं आजवर स्वतःसाठी काही मागितल्याचं मी ऐकलं नव्हतं.

जन्मभर सरकारी नोकरी केलेला माणूस तीन कोटेशनं मागवल्याशिवाय पेन्सिलसुद्धा घेत नाही. अहिल्याताईंनी रविवारच्या पेपरातल्या जाहिराती कापून ठेवल्या आणि मार्केटमधल्या एसटीडी बूथवरून तीन कॅम्पना फोन लावले. मी शेजारी उभी. एकट्या बाईनं पहिल्यांदा प्रवासाला निघताना काय विचारावं, हे मी त्या दिवशी त्यांच्याकडून शिकले. तंबू स्वतंत्र आहे का, त्याला आतून कडी लागते का, गरम पाणी नळाला येतं की बादलीनं, जीपचं भाडं धरलंय की वरून द्यायचं, स्टेशनवर घ्यायला कोण येणार.

पहिल्या कॅम्पचे दर डॉलरमध्ये होते. तिथली मुलगी इंग्रजीतून इतकं गोड बोलली, की अहिल्याताईंनी दर ऐकल्यावर तिलाच उलट थँक्यू म्हटलं.

दुसरा कॅम्प म्हणजे एका ठाकुरांच्या शेताच्या कडेला उभे केलेले चार तंबू. जेवण साधं, पाणी बादलीनं, जीप इतरांबरोबर वाटून घ्यायची, आणि एकट्या माणसाला तंबूचं अर्धंच भाडं. तेवढं अहिल्याताईंना सहज झेपणारं होतं. मी अकेली आहे, असं त्यांनी दोनदा सांगितलं. ठाकूर म्हणाले, "तो क्या हुआ बहनजी? यहाँ कोई कुछ नहीं पूछता." फोन ठेवताना त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की मला वाटलं, झालं, ठरलं. पण दोन कोटेशनांवर फाईल पुढे जात नाही. त्यांनी तिसरा नंबर फिरवला.

‘वनछाया कॅम्प’च्या मालकानं नाव ऐकलं आणि मराठीतून विचारलं, "टिपणीस? पेणचे की अलिबागचे?"

परक्या मुलखात मराठी शब्द कानावर पडला की आपली अक्कल गहाण पडते. तुमची पडते, माझी पडते, त्यांचीही पडली. मालक होते दिनकर चौबळ, मूळचे पनवेलचे, वन खात्याच्या कंत्राटाच्या निमित्तानं तिकडे गेलेले आणि तिकडचेच झालेले. सकाळी पोहे मिळतात म्हणाले. वरण-भात मिळतो म्हणाले. एकटीसाठी म्हणून दर थोडा जास्त होता, पण आपल्या माणसाकडून काय घ्यायचं, असं म्हणत त्यांनी तो ठाकुरांच्या बरोबरीला आणून ठेवला. अहिल्याताईंनी तिथल्या तिथं होकार दिला.

बूथच्या बाहेर आल्यावर मी विचारलं, "कुणी ओळखायला नको होतं ना तुम्हाला?"

"ओळखतो कुठे तो? नुसता मराठी आहे," त्या म्हणाल्या.

फेब्रुवारीत त्या निघाल्या. यशोधनला त्यांनी सांगितलं होतं की जिथं जाते तिथं फोन नाही. निजामुद्दीनला मी त्यांना गाडीत बसवून दिलं. नवी कापडी टोपी घेतली होती, ती फलाटावरच घालून बसल्या. इतकं लहान दिसताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पुढचं सगळं त्यांनी मला परत आल्यावर सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यांनी.

स्टेशनवर दिनकरराव स्वतः हजर. कॅम्पवर पोहोचेपर्यंत ओळख निघाली होती. अहिल्याताईंच्या भावजयीची मावशी दिनकररावांच्या चुलतभावाकडे दिलेली. आता नातं निघाल्यावर बाई परकी राहिली नाही, आणि आपल्या बाईला कडेच्या तंबूत एकटीला कसं ठेवायचं? दिनकररावांनी त्यांची पिशवी परस्पर मधल्या मोठ्या तंबूत नेऊन ठेवली. तिथं पुण्याचे राजाभाऊ, त्यांची बायको, दोन मुलं आणि राजाभाऊंची म्हातारी आई असा संसार मांडलेला होता. सगळी माणसं चांगली. त्यांनी लगेच सरकून जागा केली, चकल्यांचा डबा पुढे केला. ओळखीचा चोर जिवे न सोडी म्हणतात, आणि तो चोर प्रेमळ असला तर मग विचारूच नका. मला तर ऐकूनच संताप आला. अहिल्याताईंनी मात्र ‘वेगळा तंबू हवा’ हे वाक्य तोंडातल्या तोंडात तयार केलं आणि चकलीबरोबर गिळलं.

त्याच संध्याकाळी दिनकररावांनी नात्यातून नंबर मिळवला आणि ऑफिसातून ठाण्याला अहिल्याताईंच्या भावाकडे फोन करून ताई सुखरूप पोहोचल्या, काही काळजी करू नका असं कळवलं. कॅम्पचा नंबरही दिला. मग आत येऊन, तुमचं काम करून टाकलं, असं हसत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे जीप आली. राजाभाऊंच्या आईला जीपच्या धक्क्यांची भीती वाटत होती आणि एकटं मागं राहायचीही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अखेर राजाभाऊ म्हणाले, "ताई, आज तुम्ही आईपाशी थांबता का? आम्ही काय, पुण्याहून एवढ्या लांब परत कधी येणार? तुम्ही दिल्लीच्याच. तुम्हाला केव्हाही येता येईल."

भीड ही भिकेची बहीण. अहिल्याताईंनी टोपी काढून ठेवली आणि म्हातारीसाठी चहा सांगायला गेल्या. जीपवाल्यांना त्या सकाळी वाघीण दिसली, दोन पिल्लांसकट. दुपारच्या फेरीला या बसल्या, पण गाईडचं हिंदी मुलांना मराठीत सांगायचं काम त्यांच्याकडे आलं आणि धाकट्याला जीप लागली. फेरीचा बराचसा वेळ त्यांनी त्या पोराचं डोकं धरून खाली बघत काढला. परतल्यावर दिनकरराव वाट बघत उभे होते. गुडगावहून फोन आला होता. बाळाला सांभाळणारी बाई न सांगता गावी गेली होती, यशोधनच्या बायकोची, स्वानंदीची, ऑफिसात मोठी मीटिंग होती, आत्या उद्याच येऊ शकेल का?

मला हे सांगताना त्या म्हणाल्या की त्यांनी फोन फिरवायला रिसीव्हर उचलला होता. येत नाही, असं सांगायचं त्यांनी नक्की केलं होतं. पण दिनकरराव आणि राजाभाऊंची बायको काळजीनं शेजारीच उभी राहिली, तान्ह्या बाळाचा प्रश्न म्हणून. त्यांच्यासमोर काय बोलणार? "येते म्हटलं," त्या म्हणाल्या. "बाकी काही सुचलंच नाही." सकाळी दिनकररावांनी त्यांना गाडीत बसवून दिलं आणि डब्यातल्या एका कुटुंबाला, या एकट्या आहेत, जरा लक्ष ठेवा, असं बजावून ठेवलं.

यशोधन स्टेशनवर घ्यायला आला होता, बाळासकट. लक्ष्मीबाई नगराऐवजी गाडी थेट गुडगावला गेली. उरलेली रजा आणि पुढचे शनिवार-रविवार तिकडेच गेले. जूनमध्ये रिटायर झाल्या आणि क्वार्टरची किल्ली देऊन कायमच्या गेल्या. क्वार्टरमध्ये कोणी तमिळ कुटुंब आलं, चांगली माणसं आहेत, पण मी कित्येक दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही.

दिवाळीत मी गुडगावला गेले. दोन बस बदलून, वर शेवटचा तुकडा चिखलातून चालत. ठाण्याहून कोणी पाहुणे आले होते, हॉलमध्ये गाद्या पडलेल्या. यशोधन त्यांना आत्याच्या निवृत्तीबद्दल कौतुकानं सांगत होता. मुलगा वाईट नाही, आत्यावर त्याचा जीव आहे.

"आम्ही तिला म्हटलं होतं, जा, फिर, आता तुझं लाइफ एन्जॉय कर," तो म्हणाला. "रणथंबोरला गेली पण होती एकटी. पण तिला बिल्कुल करमलं नाही. मधेच परत आली. तिला माणसंच लागतात."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. काहींना असतेच सवय माणसांची, असं त्यांतल्या बाई म्हणाल्या. मी उठून स्वयंपाकघरात गेले. अहिल्याताई बाळाला कडेवर घेऊन एका हातानं करंज्या डब्यात भरत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"हे तुम्ही सांगितलंत त्याला?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"स्टेशनवरून येताना गाडीत विचारलं त्यानं, एकटीला कसं वाटलं म्हणून. बाळ रडत होतं. म्हटलं, नाही रे करमलं. विषय संपला."

"मग आता बाहेर चला आणि खरं काय ते सांगा. मी सांगू?"

"नको." त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "खरं काय ते मला तरी कुठं ठाऊक आहे, वहिनी? एकटी राहिलेच नाही ना मी तिथं. कदाचित नसतंही करमलं. आता कळायचंही नाही."