शेवटचं कडवं कापलं तेव्हा

स्वतःच्याच गाण्याची चोरी केली म्हणून सुखदेव काकांचा व्हिडिओ बंद झाला, तेव्हा भीमजयंती आठ दिवसांवर होती. रिठदहून पहिल्या एसटीने ते वाशीमला माझ्या स्टुडिओत आले. मोबाइल टेबलावर ठेवून म्हणाले, “भाऊ, गाणं मी लिवलं, चाल माही, अन् चोरबी मीच?”

मी अरेंजर. कवी गाणं आणि चाल आणतो, मी त्यावर ढोलकी, कीबोर्ड, कोरस चढवतो. गायकाचा आवाज सोडून जे उरतं त्याला आम्ही ट्रॅक म्हणतो. जयंतीआधी हे ट्रॅक व्हॉट्सॲप ग्रुपवर फुकट वाटायची आमच्याकडे पद्धतच आहे. काकांनी ज्यावर गाऊन व्हिडिओ केला, तो ट्रॅकही मीच हौसेने ग्रुपवर टाकला होता.

तो शेलूबाजारच्या एका गायकाने उचलला, त्यावर काकांचंच गाणं गायला आणि गाणी चढवून देणाऱ्या एजंटमार्फत सगळ्या ॲपवर टाकलं. फॉर्ममध्ये विचारलं होतं, हे सगळं तुमचंच आहे का? पठ्ठ्याने ‘होय’वर टिक केली. मग ॲपच्या मशीनला दोन्हीकडे तोच ट्रॅक सापडला आणि टिक करणाऱ्याला मालक मानून तिने काकांना धरलं.

मी गायकाला फोन लावला. “आवाज त माहाच हाय ना, सर,” तो म्हणाला. शब्द, चाल, ट्रॅक, आवाज, प्रत्येकाचा हक्क वेगळा असतो, हे त्याला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा माझाच आवाज चढला. आमचे कवी शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतात, तीच त्यांची सही. ते कडवं कुठे गेलं, असं विचारलं. रील लांब होत होती म्हणून कापलं, म्हणाला. मी डोक्याला हात लावला.

दावा मागे घ्यायला तो तयार झाला, पण एजंट फोन उचलेना. शेवटी आम्हीच ॲपकडे आक्षेपाचा फॉर्म भरायला बसलो. काकांची वही, माझ्या फाइलची तारीख, सगळं जोडलं. पुढचा प्रश्न होता, ट्रॅक वाटायला कवीची लेखी परवानगी होती का? नव्हती. लेखी सोडा, मी काकांना तोंडीही विचारलं नव्हतं.

“तुमाले कायले परवानगी लागते? तुमी त घरचे,” काका म्हणाले. मला जास्तच लाज वाटली.

जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर ते कापलेलं गाणंच वाजलं. काका शेवटच्या कडव्याची वाट बघत गाडीमागे उभे होते, तेवढ्यात दुसरं गाणं लागलं. व्हिडिओ दोन दिवसांनी परत आला.

आता ट्रॅक वाटण्याआधी मी कवीकडून एका पानाची परवानगी भरून घेतो. लोक कुरकुरतात. मग फाइलमधला पहिला कागद दाखवतो. त्यावर परवानगी देणारे सुखदेव काका आहेत, मागणारा मी आहे आणि तारीख जयंतीनंतरची आहे.