इंजिनाची रजाई

रजाईवाले चाचा ट्रक आधी हुंगायचे. केबिन पुढे झुकवली की गरम इंजिनाजवळ नाक न्यायचे, डोळे मिटायचे आणि बाजारात खरबूज निवडावं तसा वास घ्यायचे. मग निकाल. “तेल गळून राहिलं. आधी मिस्तरीकडे जा, मग माह्याकडे ये.” आम्ही ड्रायव्हर लोक जाम वैतागायचो. पण गळक्या इंजिनावर चाचांनी जन्मात रजाई चढवली नाही. मालक कितीही मोठा असो, “जखम धुतल्याबिगर पट्टी नाई बांधत मी,” असं त्याच्या तोंडावर सांगून ते चहा प्यायला निघून जायचे.

अकोटला अकोला रस्त्याच्या कडेला त्यांची टिनाची शेड होती. घराणं पिंजाऱ्यांचं. निम्मं अकोट त्यांच्या रजायांखाली झोपलेलं. पुढे तयार गाद्या आल्या आणि कापूस पिंजायचं काम बसलं. दुसरा कुणी नशिबाला बोल लावत बसला असता. चाचांनी मात्र कापसाच्या गाड्यांकडे पाहिलं. इंजिनातला जळका धूर बाहेर नेणारा जो लोखंडी नळ असतो, आम्ही त्याला मॅनिफोल्ड म्हणतो, तो लांबच्या पल्ल्यात भयंकर तापतो. सरकी काढायच्या जिनिंगच्या आवारात उडणारा कापूस त्यावर बसला की पेटलाच, खेळ संपला. चाचांनी काचेच्या धाग्याचं कापड आणलं, आत भट्टीला लावतात ती पांढरी लोकर भरली आणि बारीक स्टीलच्या तारेनं त्या नळासाठी रजाई शिवली. टाका तोच, बापानं शिकवलेला.

लोक हसले. “चाचा, इंजिनाले थंडी वाजून राहिली का?” असं कुणी विचारलं की चाचा सुई न थांबवता म्हणत, “इंजिनाले नाई, तुह्या अकलेले.” पण वैशाखात अकोल्याच्या उन्हात गाडी चालवणाऱ्यांना आधी कळलं. केबिनमध्ये पायाला बसणारा चटका निम्म्यावर आला. हळूहळू शेडसमोर गाड्या लागू लागल्या, आणि चाचा छाती काढून चालू लागले. मला ते आवडायचं. म्हातारपणी हुन्नर बदलून उभ्या राहिलेल्या माणसानं छाती काढायची नाही तर कुणी काढायची?

त्यांचा एक नियम होता. “डिझेल-तेल लागलं की रजाई मेली. ती धुवायची नाई, वाळवायची नाई, फेकायची.” तेलकट रजाई दिसली तर मालकासमोर मोठ्या कात्रीनं तिचे तुकडे करायचे. हे मला त्यांनी तीनदा सांगितलं होतं. तरी मी माती खाल्ली.

दसरा म्हणजे आमचा सण. नट, बोल्ट, अगदी हातसुद्धा आम्ही डिझेलनंच धुतो. माझ्या गाडीची रजाई काजळीनं काळी झाली होती. पूजेला काळी कशी ठेवायची? मी ती डिझेलच्या बादलीत बुडवली, ब्रशनं घासली, उन्हात वाळवली, पुन्हा बांधली आणि वर हळदकुंकू वाहिलं. चार दिवसांनी दर्यापूरहून कापूस भरून येताना केबिनखालून धूर निघाला, मग जाळ. शेतातले लोक धावले, माती टाकून त्यांनी विझवलं. कापूस वाचला, मी वाचलो, केबिन अर्धी गेली.

माझ्याआधी बातमी अकोटला पोचली. चाचाच्या रजाईनं गाडी पेटवली! जिनिंगच्या मॅनेजरनं फाटकावर पाटी लावली, रजाईवाल्या गाडीला आत प्रवेश नाही. ड्रायव्हरांनी रजाया सोडवून चाचांच्या शेडसमोर आणून टाकल्या. आणि मी? “कसं पेटलं काही कळलं नाही,” एवढंच सांगत फिरलो. आज लिहितानाही लाज वाटते. चाचा माझी गाडी पाहायला आले. जळकी रजाई उचलून नाकाशी नेली. माझ्याकडे पाहिलं, ती खाली ठेवली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते थेट जिनिंगच्या फाटकात उभे. “चाचा, बाजूले व्हा,” मॅनेजर ओरडला. “नाई होत. आधी पाह्य, मग बोल.” नुकत्याच आलेल्या दोन गाड्या त्यांनी अडवल्या, एक रजाईची, पाटीची खबर नसलेली बाहेरगावची, आणि एक उघड्या नळाची. दोन्ही केबिनी झुकवायला लावल्या. रजाईवर मूठभर कापूस ठेवला. थोड्या वेळानं उचलला, तर पांढराशुभ्र. दुसरी मूठ उघड्या नळाला टेकवली, ती लगेच तपकिरी होऊन धुरकटली.

“मंग पल्हादची गाडी कावून जळाली?” मॅनेजरनं माझं नाव घेऊन विचारलं.

चाचा बोलले नाहीत. मी गर्दीतच होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, आणि तेच मला सोसलं नाही. “मी धुतली होती ती,” मी पुढे झालो, “डिझेलमधी. चाचांनी नाई म्हटलं होतं तरी.”

मॅनेजर हसून म्हणाला, “ठीक आहे, उद्या पाटी काढून टाकू.” “उद्या नाई,” चाचा म्हणाले. “तू लावली, तूच काढ. आता, माह्यासमोर.” पाटी खाली येईपर्यंत ते फाटकातून हलले नाहीत.

परतताना मी विचारलं, “चाचा, तुमाले वासावरून कळलंच होतं. मंग तिथं बोलले कावून नाई?”

“माही रजाई खरी हाये, ते सांगणं माहं काम होतं,” ते म्हणाले. “तू खोटा हायेस, ते सांगणं तुहं.”

शेडजवळ आल्यावर त्यांनी माझ्या गाडीचं माप मागितलं आणि नवी रजाई शिवायला बसले.

गेल्या उन्हाळ्यात चाचा गेले. शेडला कुलूप आहे, पण त्यांनी शिवलेली रजाई माझ्या गाडीवर आहे. यंदाच्या दसऱ्याला सगळी गाडी लखलखीत आणि रजाई तेवढी काळी. बाकीचे ड्रायव्हर हसले, एकानं तर डिझेलची बादलीच पुढे केली. मी ती लाथेनं उडवली. मग केबिनखाली वाकलो, डोळे मिटले आणि वास घेतला. डिझेलचा वास नव्हता. नारळ मी तिथंच, इंजिनासमोर फोडला.