मामाचं लायसन
ओल्या हळदीचा वास आला की अजूनही माझं डोकं फिरतं. खारबावला थोरल्या मामेभावाची हळद होती. गोदामासाठी जमीन विकल्यावर मामाने 'जिवाला धोका' दाखवून परवान्याचं पिस्तूल घेतलं होतं. नाचता नाचता ते त्याने कमरेतून काढलं. बाबांच्या पॉवरलूमवरचा यूपीचा कारागीर हात जोडून म्हणाला, "मत चलाइए, हमारे गाँव में दूल्हे का भाई ऐसे ही मरा." मामा हसला, "तुमच्याकडं बिनपरवान्याचे गावठी कट्टे असतात. माझ्याकडं लायसन हाय!" आणि माझ्या डाव्या कानाशीच त्याने हवेत दोन बार उडवले. कान कायमचा गेला. हळदीच्या घरात पोलीस नकोत, म्हणून सगळ्यांनी मलाच गप्प केलं. काल मामा धाकट्याच्या हळदीचं आमंत्रण घेऊन आला. त्याला बसही न म्हणता मी डावा कान पुढे केला.