संध्याकाळी न पेटणारा स्टोव्ह

लेक पहिल्यांदाच बाळाला घेऊन घरी येणार, आणि उतरणार कुठे? तर हॉटेलात! कॅनडातल्याच सरेहून विमानाने एडमंटनला यायचं, आईबापांचं घर ओलांडून पुढे जायचं आणि परक्या पलंगावर तान्ह्या बाळाला निजवायचं.

"मॉम, बेसमेंट इज फ्रीझिंग," ती फोनवर म्हणाली. "अँड द स्टोव्ह इज नॉट वर्किंग. वुई विल जस्ट गेट अ हॉटेल. इट्स नो बिग डील."

नो बिग डील म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात तेवढी एकच आग नीट पेटत होती.

आमच्या घरात पाहुण्यांची खोली बेसमेंटला आहे. घर तापवणाऱ्या फर्नेसची ऊब तिथवर धड पोचत नाही, म्हणून खाली पेलेट स्टोव्ह बसवून घेतला. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारक्या गोळ्या त्यात आपोआप पडतात, विजेवर पेटतात आणि धूर भिंतीतल्या नळीने बाहेर जातो. हे सगळं कागदावर. आमच्याकडे गोळ्या पडायच्या, धुमसायच्या, काच काळी व्हायची, खोलीभर धुराचा वास सुटायचा आणि शेवटी लाल दिवा मिचकावून स्टोव्ह गप्प बसायचा. रोज संध्याकाळी हाच तमाशा.

आमच्या ह्यांनी जन्मभर तेलाच्या पाइपलाइनींचं इंजिनिअरिंग केलं. निवृत्त माणसाला असं बिघडलेलं यंत्र म्हणजे सणच. राख उपसली, ब्रशने नळी साफ केली, माहितीपुस्तकाची पारायणं केली आणि निदान सांगितलं, "अगं, गोळ्या दमट आहेत. तू ती गोणी गॅरेजच्या दाराशी ठेवलीस ना!"

"अहो, ती गोणी मला उचलते तरी का? माझ्या गुडघ्यांना विचारा," मी म्हणाले. पण ऐकतंय कोण? चोर सोडून संन्याशाला सुळी. नवीन गोणी आणली. संध्याकाळी पुन्हा लाल दिवा.

मग दुरुस्तीवाला बोलावला. तो आला भर दुपारी. त्याने बटण दाबलं आणि त्या लबाड स्टोव्हने पहिल्याच झटक्यात काय झकास जाळ धरला! तो गृहस्थ माझ्याकडे बघून हसला आणि ह्यांच्याकडे वळून म्हणाला, "शी मे बी हिटिंग द बटन ट्वाइस." माझ्या घरात, माझ्या देखत, माझ्याबद्दल! आणि हे चक्क मान डोलावत होते.

मी याच शहरात वर्षानुवर्षं फॅमिली डॉक्टर होते. दुखणारा माणूस दवाखान्यात आला की त्याचं दुखणं हमखास थांबतं, हे मला पुरेपूर ठाऊक आहे. म्हणून मी कधी कुणा पेशंटला "तुम्हाला काही झालेलं नाही" असं म्हटलं नाही. मी विचारायची, कधी दुखतं? तेव्हा तुम्ही काय करत असता? ते दोघं मला वेड्यात काढून कॉफी प्यायला बसले, तेव्हा मी तेच प्रश्न स्टोव्हच्या वतीने स्वतःला विचारले. कधी बिघडतो? संध्याकाळी. तेव्हा आपण काय करत असतो? स्वयंपाक.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम आमटीला फोडणी घातली. गॅसवरचा धूर बाहेर फेकणारा पंखा नेहमीसारखा जोरात लावला आणि खाली जाऊन स्टोव्हचं बटण दाबलं. धूर, काजळी, लाल दिवा. वर येऊन पंखा बंद केला, पुन्हा खाली गेले, बटण दाबलं. लख्ख जाळ! मागच्या वर्षी खिडक्या बदलून आम्ही घर डबीसारखं घट्ट करून घेतलं होतं. पंखा घरातली हवा बाहेर फेकायचा, तेवढी हवा घराला कुठून तरी आत घ्यावी लागायची, आणि ती यायची स्टोव्हच्या धुराच्या नळीतून, उलटी. तो बिचारा पेटणार कसा?

"थिऑरेटिकली करेक्ट आहे," हे म्हणाले. जणू शोध त्यांनीच लावला होता.

मला हसू यायला हवं होतं, पण रागच आला. कारण एवढा राक्षसी पंखा आमच्या घरात का आहे, हे मला आठवलं. या देशात आल्यावर आम्ही एका बाईंच्या तळघरात भाड्याने राहायचो. फोडणी तडतडली की त्या जिन्यात येऊन नाक मुरडायच्या, आणि मी, शिकलेली डॉक्टर, त्यांना सॉरी म्हणायची. स्वतःचं घर घेतलं तेव्हा ह्यांनी दुकानातला सगळ्यात मोठा पंखा निवडला. तेव्हापासून मी हिंग-मोहरीची फोडणी पंख्याच्या आडोशाला, कपाटांची दारं लावून, वास लागू नये म्हणून कोट वर नेऊन ठेवून केली. शेजारी उन्हाळाभर अंगणात मांस भाजतो, धूर थेट आमच्या खिडकीत येतो, त्याला मात्र सगळे समर म्हणतात!

मी लेकीला फोन केला. स्टोव्ह चालू झालाय, हॉटेलचं नाव काढायचं नाही, मुकाट्याने घरी यायचं. आणि ती आली. जावई बॅगा घेऊन खाली गेला, खोली छान उबदार होती. बाळाला खांद्यावर घेऊन लेक माझ्याजवळ स्वयंपाकघरात उभी राहिली. मी कढल्यात मोहरी टाकली.

मोहरी तडतडताच तिचा हात आपोआप पंख्याच्या बटणावर गेला.

"लावू नकोस," मी म्हणाले. "खालचा स्टोव्ह विझेल."

"मॉम, शी विल स्मेल ऑफ इट. तिचे सगळे कपडे!"

"येऊ दे वास! आजीच्या घरी आली आहे ती. कुणाची चोरी आहे का?" माझा आवाज इतका चढला की बाळ दचकलं.

तिने बाळाला थोपटलं. दुसरा हात बटणावरच होता. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "अँड व्हेन सम किड सेज समथिंग टू हर?"

मी गॅस बंद केला. ही शाळेतून यायची, दप्तर टाकायची, "हाउ वॉज स्कूल?" म्हटलं की "फाइन" म्हणायची. रोज फाइन.

"तुला कोण काय म्हणालं होतं?" मी विचारलं.

तिने नाव सांगितलं. इतक्या वर्षांनी, आडनावासकट. मग बटणावरचा हात काढून घेतला.