थोरल्या दिरांची बचावफळी

जगावर कोणतंही संकट कोसळो, माझे थोरले दीर त्याला आधी एकच प्रश्न विचारणार : "मागे कोण उभं आहे?" पंगतीत वाढपी कमी पडले, ऐन सणाला गॅस संपला, तरी हाच प्रश्न. आयुष्यभर त्यांनी ठाण्याच्या एका शाळेत कबड्डी शिकवली. निवृत्तीनंतर अमेरिकेत मुलाकडे गेले, तिथल्या हिवाळ्यात सहा महिने घरात कोंडले गेले आणि शिरस्त्राणं घालून एकमेकांवर आदळणाऱ्या तिथल्या फुटबॉलच्या प्रेमात पडूनच परतले. तेव्हापासून खोपटच्या त्यांच्या घरी सकाळच्या पोह्यांबरोबर टीव्हीवर एक जुना सामना असतो आणि पोहे खाणाऱ्याला शिकवणी सक्तीची असते. टेबलावर अकरा खेळाडू उभे राहतात : पुढे जाड बुडाच्या चार वाट्या, मध्ये तीन लहान वाट्या, मागे चार फुलपात्रं. "समोरच्यानं लांब पळणारे गडी वाढवले, की आपली एक जड वाटी बाहेर, हलकं फुलपात्र आत. आणि ही मधली बघ. अंगावर धावून जाणार असं दाखवते, पण चेंडू खेळात आला की गुपचूप मागे सरकते. कोण येणार, कोण थांबणार, हे समोरच्या चेंडू फेकणाऱ्याला कळताच कामा नये." एकदा बोलण्याच्या नादात त्या मधल्या वाटीतली लसणाची चटणी मी संपवली आणि वाटी विसळायला नेली. "अगं, माझा सर्वांत हुशार गडी नेलास!" ते कळवळून ओरडले.

हे सारं हसण्यावारी गेलं असतं. पण जाऊबाईंचं विसरणं वाढलं. "माहेरी जाऊन येते," म्हणून त्या दुपारी-संध्याकाळी घराबाहेर पडू लागल्या. दोनदा तर पार अनोळखी रस्त्यांवर सापडल्या. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, दाराला कुलूप घाला. पुन्हा गेली, तर मी येऊन तिला एखाद्या संस्थेत ठेवीन." दीर शांतपणे म्हणाले, "तिला कोंडून मी कुठे बसू?" आणि त्यांनी अख्ख्या इमारतीची बचावफळी उभारली. फाटकाशी इस्त्रीवाला, जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. काकू भिशीला गेल्या, की इस्त्रीवाल्यानं दोन पायऱ्या वर यायचं. पहिल्या मजल्यावर राहणारी मी मधली. "ती रमतगमत निघाली, तर सोबत चाल. तणतणत निघाली, तर मागे सरक, फाटक धर. अडवायचं नाही, वळवायचं. आणि तुझं ते तंद्रीत आभाळाकडे बघणं जरा कमी कर!" त्या दिवसांत जिन्यात जाऊबाईंच्या चंदनी पावडरीचा वास आला, तरी मी दार उघडून बघायची. भाजी चिरता चिरता हात थबकायचा. वर त्यांचं दार वाजलं, की वाऱ्यानं वाजलं की माणसानं, हे ओळखण्यात माझे दिवस जात होते.

आणि मग संक्रांतीनंतरचं काकूंचं हळदीकुंकू आलं. पुरुषांना वर मज्जाव, त्यामुळे दिरांच्या आराखड्यात तो दिवस शिरलाच नव्हता. संध्याकाळी पाचला जिना रेशमानं सळसळू लागला. गुलाबपाणी, अत्तर, बांगड्या. त्या गर्दीत एक चंदनी वास मला कसा वेगळा यावा? जाऊबाई पोपटी साडी नेसून आल्या. काकूंनी, आमच्या जिन्यातल्या पहारेकरणीनंच, त्यांना हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाणाची चहागाळणी हातात ठेवली आणि वर म्हणाल्या, "सावकाश उतरा हं!" इस्त्रीवाल्यानं तर अदबीनं फाटक उघडून धरलं. "मला वाटलं, ताई, पुढच्या घरी बोलावणं असेल," तो नंतर रडवेला होऊन म्हणाला. जिन्याच्या खिडकीतून मला दिसला तो फक्त वळणावर नाहीसा होणारा पोपटी पदर.

चपला न घालताच मी धावले. एसटीच्या डेपोतल्या बाकावर त्या सापडल्या. गाळणी मांडीवर, नजर फलाटाकडे. मी त्यांच्या शेजारी बसले आणि दिरांना फोन लावला. ते आले, तेव्हा त्यांच्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. मला वाटलं, आता हात धरून उठवतील. ते लांबच थांबले, श्वास आवरला आणि हळूच जाऊबाईंच्या पलीकडे येऊन बसले. त्यांनी वळून पाहिलं.

"तुमचीही हीच गाडी का हो?"

"हो."

"उशीर दिसतोय."

"थोडासा."

दिरांनी दोन वेगळ्या चपलांचे पाय बाकाखाली ओढून घेतले. जाऊबाईंनी मुठीतला तिळगूळ मोडून अर्धा त्यांच्यापुढे केला. "घ्या. प्रवासात पोटात काहीतरी असावं."

दुसऱ्या दिवशी दिरांनी स्वतःच कुलूप आणलं. त्या सकाळी टेबलावर वाट्या मांडल्या गेल्या नाहीत. पण रोज संध्याकाळचे पाच वाजले, की ते कुलूप उघडतात, जाऊबाईंना चांगली साडी नेसवायला मला हाक मारतात आणि दोघं डेपोवर जाऊन बसतात. गाड्या धूळ उडवत येतात, माणसं चढतात, उतरतात. आपली गाडी आज नाही वाटतं, असं ते अंधार पडायच्या आधी हलकेच सांगतात. आणि त्या रोज, एखाद्या समजूतदार पाहुणीसारख्या म्हणतात, "मग आजची रात्र तुमच्याकडे राहिले, तर चालेल ना?"