नवसाबाईचा वळू

नवसाबाई पवळेला तिच्याच वळूनं चेचलं, ही बातमी तिला दवाखान्यात नेणारी गाडी द्वारका चौकाच्या गर्दीत अडकली होती तोवर गावभर झाली. काहींनी तर तिला मारूनच टाकलं. पारावर बसलेल्यांचा निकाल तयार होता. बाईमाणसानं वळू सांभाळला की एक दिवस हे व्हायचंच होतं.

गाव एकलहऱ्याजवळचं. वीज केंद्राच्या चिमण्या तिथं कुठल्याही अंगणातून दिसतात. नवसाबाईचा नवरा नाथा केंद्राच्या कोळसा यार्डात कंत्राटावर कामाला, त्यामुळे गोठ्याचा कारभार पहिल्यापासून तिच्याच हातात. तिचं माहेर घोटीकडचं. बापानं जन्मभर डांगी जातीचे वळू पाळले आणि ही पोर त्यांच्या पायात खेळत मोठी झाली. वळूला जीव लावावा, पण पाठ दाखवू नये, असं तो म्हणायचा. इकडे गावोगाव डॉक्टर येऊन इंजेक्शननं गायी भरवायला लागले, बाकीच्यांनी वळू मोडीत काढले, तरी नवसाबाईनं एक ठेवलाच. डॉक्टरकडून दोनतीनदा भरवूनही गाभण न राहिलेली गाय शेवटी तिच्या दाराशी यायची.

त्या वळूचं नाव कवड्या. काळ्या अंगावर कवड्या उधळाव्यात तसे पांढरे ठिपके. त्याची आई विताना गेली, म्हणून नवसाबाईनं त्याला बाटलीनं दूध पाजून जगवलं. लहानपणी तो घरभर फिरायचा, चुलीपाशी झोपायचा, आणि ती चालली की मागून डोक्यानं ढुशी द्यायचा. सगळे हसायचे. चार वर्षांत त्याचं वशिंड तिच्या डोक्याच्या वर गेलं, पण ढुशीची सवय तशीच राहिली आणि तिची हसण्याचीही. दुसऱ्या कुणाचा वळू समोर आडवा उभा राहून, मान खाली घालून बघायला लागला असता, तर ती केव्हाच कुंपणाबाहेर गेली असती. कवड्यानं तसं केलं की ती म्हणायची, लाडात आलाय.

पोळ्याचा आदला दिवस होता, खांदेमळणीचा, म्हणजे बैलांचे खांदे तूपहळदीनं चोळायचा. कवड्याच्या खांद्यावर जू कधी ठेवलं नव्हतं, तरी सणाला तो कोरडा राहू नये म्हणून ती तूपहळदीची वाटी घेऊन त्याच्याजवळ गेली. शेजारच्या वस्तीवर माजावर आलेली गाय सकाळपासून हंबरत होती. कवड्या तिच्यासमोर आडवा उभा राहिला. नवसाबाईच्या हातातून वाटी निसटली, ती उचलायला ती वाकली, आणि पुढच्या क्षणी तिची पाठ गव्हाणीच्या भिंतीला होती आणि छातीवर कवड्याचं कपाळ. तो डुरकलाही नव्हता. तुऱ्हाट्या मोडाव्यात तसा बरगड्यांचा आवाज तिनं स्वतःच्या कानांनी ऐकला. एक हात मोकळा होता. त्या हातानं तिनं वेसण धरली आणि जीव खाऊन पिळली. कवड्याची मान जराशी वळली, तेवढ्यात दूध न्यायला आलेल्या बद्रुद्दीननं पाण्यात भिजलेलं गोणपाट त्याच्या डोळ्यांवर टाकलं आणि घरातून धावत आलेल्या नाथानं तिला पायाला धरून गव्हाणीपासून ओढून काढलं.

बरगड्या मोडल्या होत्या, खुब्याच्या हाडात सळई घालावी लागली. मनमाडला दिलेली लेक हर्षाली धावत आली. आईच्या उशाशी बसून तिनं एकच धोशा लावला, की आता गोठा बंद आणि तू माझ्याकडे चल. नवसाबाई ऐकत राहिली. बोलायला छाती दुखत होती.

चौथ्या की पाचव्या दिवशी धनराज आला, सोबत गावातले दोघे. धनराज म्हणजे गावातलं वजनदार माणूस, बारा भानगडींत पुढे. त्यानं खुर्ची ओढून सांगितलं, की आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय, वळू गोशाळेत द्यायचा. गोशाळेशी बोलणंही झालंय, मावशीनं आता आराम करावा. नाथा मान खाली घालून उभा होता. नवसाबाईनं कुशीवर हात दाबला आणि श्वास गोळा केला.

"गेल्या साली तुझ्या भावाचा पाय ट्रॅक्टरखाली गेला. तो ट्रॅक्टर कोणत्या गोशाळेत दिला रे, धनराज?"

धनराज म्हणाला, ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी.

"वेगळी कशी? तिथं गडी होता, हितं बाई हाय, एवढंच वेगळं. वळू माझा हाय. तो कुठं जायचा नाय, अन् मीबी जायची नाय."

ते लोक गेल्यावर भेटायला आलेला बद्रुद्दीन तिची समजूत घालायला लागला. जनावराच्या मनात काही नव्हतं वहिनी, तो तर खेळत होता. नवसाबाईनं त्यालाही थांबवलं.

"खेळत नव्हता, भाऊ. मला मारायलाच आला होता. मी त्याला लेकरू समजत होते, तो वळू हाय."

घरी आल्यावर तिनं अंगणात खाट टाकायला लावली आणि खाटेवरून काम सुरू केलं. नाथानं यार्डातल्या ओळखीनं एक वेल्डर आणला. बोअरच्या जुन्या पाइपांचं भक्कम कुंपण झालं, त्याला लागून गाय उभी करायचा खोडा. मधला दरवाजा बाहेरून दोरानं ओढायचा. चारा-पाणी बाहेरूनच. कोपऱ्यात एक फट ठेवली, माणूस आडवा होऊन निसटेल पण वळूचं डोकं शिरणार नाही एवढीच. वेल्डरला ती फट चुकलेली वाटली, त्यानं दोनदा भरून टाकायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा नवसाबाईनं खाटेवरून आरडाओरडा करून ती परत मोकळी करून घेतली.

सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. ती वॉकर धरून पहिल्यांदा कुंपणापाशी गेली, तेव्हा कवड्या तुरुतुरु जवळ आला आणि पाइपांमधून मान पुढे काढून थांबला, गळ्याखाली खाजवून घ्यायला. छातीतली प्रत्येक बरगडी वेगवेगळी आठवली. जन्मात पहिल्यांदा तिला जनावराची भीती वाटली आणि त्याच वेळी हात मात्र आपोआप पुढे निघाला. तिनं तो पदरात गुंडाळून घेतला. मागून नाथा म्हणाला, उद्यापासून मी बघतो. ती वळलीसुद्धा नाही.

"तुम्ही तुमचा कोळसा बघा."

त्यानंतर ती रोज तिथं जाऊन उभी राहायची, भीती ओसरेपर्यंत. कवड्याला तिनं पुन्हा हात लावला नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर धनराज स्वतःची गाय घेऊन आला. डॉक्टरकडून तीनदा भरवली होती, राहिली नव्हती. बरोबर चारपाच पोरं, एकाच्या हातात मोबाइल. नवसाबाईनं गाय खोड्यात घ्यायला लावली आणि सगळ्यांना चिंचेखाली उभं राहायला सांगितलं. पोरं गेली. धनराज मात्र कुंपणाच्या दुसऱ्या पाइपवर पाय ठेवून वर चढला. म्हणाला, मी आत जाऊन त्याला वेसणीला धरतो, पोरं व्हिडिओ काढतील, तुझंच नाव होईल मावशी.

"उतर खाली," ती म्हणाली.

"अगं, मी बैलांतच वाढलोय."

"मीबी. आता बघ कशी चालते ते."

धनराज हसला, पण दुसरा पाय त्यानं वर घेतलाच. नवसाबाईनं हातातला दोर खांबाला गाठ मारून टाकला, मधला दरवाजा बंदच ठेवला आणि वॉकर पुढे घालून त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

"आत पाय टाकलास तर दोर सुटायचा नाय. गाय घे अन् चालता हो."

"दारी आलेलं गिऱ्हाईक घालवतेस?"

"घालवते."

गाय हंबरली. आत कवड्यानं पाइपावर डोकं आपटलं, कुंपण झणझणलं. धनराजनं इकडंतिकडं पाहिलं, गावात दुसरा वळू नव्हता हे त्यालाही ठाऊक होतं. तो उतरला आणि चिंचेखाली जाऊन पोरांत उभा राहिला. मग नवसाबाईनं गाठ सोडली.

गाय फळली आणि गाभणही राहिली. पण धनराजनं त्या दिवसाबद्दल पारावर अवाक्षर काढलं नाही, त्याच्याबरोबरची पोरं मात्र सगळीकडे सांगत सुटली. आता गाय घेऊन येणारा माणूस न सांगता चिंचेखाली जाऊन उभा राहतो. हर्षाली अजून फोनवर मनमाडचा विषय काढते. नवसाबाई तिला विचारते, तुझ्या दारावरून एवढ्या आगगाड्या जातात, तू कधी माहेरी राहायला आलीस का त्या भीतीनं?

धनराज गाय घेऊन गेला त्या दिवशी नाथानं चहा पिताना तिला विचारलं होतं, भ्याली नाहीस का?

"भ्याले की," ती म्हणाली. "म्हणून तर त्याला आत जाऊ दिलं नाय."

मग कप खाली ठेवून तिनं त्याला पाना घेऊन पाठवलं. कवड्याच्या धडकेनं कुंपणाचा एक बोल्ट ढिला झाला होता.